यकृताचा कॅन्सर मेंदूत पसरल्यावर: उपचार, आयुर्मान आणि घरची काळजी याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान यकृताच्या स्वतःच्या पेशींतून सुरू होणाऱ्या कॅन्सरबद्दल आहे. त्याचे वैद्यकीय नाव हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. तो मेंदूत गेला की घरच्यांचे सगळे लक्ष डोक्याच्या एमआरआयकडे लागते आणि ते साहजिक आहे. पण या आजारात मेंदूवर कोणता उपचार झेपेल, हे बहुतेक वेळा यकृतच ठरवते. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात यकृत पुन्हा डोकावते, त्याचे कारण हेच.

यकृतात गाठ आहे आणि मेंदूतही आहे. म्हणजे हा यकृताचाच कॅन्सर मेंदूत गेला असे समजायचे का?

लगेच नाही. फुप्फुस, स्तन, मोठे आतडे, मूत्रपिंड किंवा त्वचेचा मेलॅनोमा हे कॅन्सर यकृत आणि मेंदू अशा दोन्ही ठिकाणी पसरू शकतात, आणि मेंदूतल्या दुय्यम गाठींमागे तेच कितीतरी जास्त वेळा असतात. त्यांची औषधे वेगळी आणि आयुर्मानाचा अंदाजही वेगळा. रुग्णाला सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणे) असेल आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन काढलेल्या यकृताच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठ धमनीच्या टप्प्यात उजळून नंतरच्या टप्प्यात फिकी पडत असेल, तर बायोप्सीशिवायही यकृताच्या कॅन्सरचे निदान करता येते. सिरॉसिस नसेल तर बायोप्सीचा अहवाल आहे का, हे आधी विचारा. पित्तनलिकांचा कॅन्सरही यकृतातच दिसतो, पण तो वेगळा आजार आहे.

हा कॅन्सर मेंदूत किती वेळा जातो? आणि कसा?

क्वचित. वेगवेगळ्या नोंदींमध्ये हे प्रमाण साधारण ०.२ ते २ टक्के आढळते. यकृताच्या शिरांमधून निघालेल्या पेशी हृदयाच्या उजव्या बाजूने आधी फुप्फुसात पोचतात आणि तिथून धमन्यांमार्गे मेंदूत. म्हणूनच मेंदूत गाठ सापडलेल्या बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसातही गाठी असतात. दुसरा रस्ता हाडांचा आहे: कवटीच्या हाडात गाठ वाढते आणि आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणावर दाब देते. ही गाठ मेंदूच्या आत शिरलेली नसते. त्यामुळे तिचे ऑपरेशन आणि रेडिएशन वेगळ्या पद्धतीने आखले जाते.

लक्षणे नसताना प्रत्येक रुग्णाचा मेंदूचा एमआरआय नेमाने काढायचा, अशी शिफारस नाही.

रुग्ण गोंधळल्यासारखा बोलतो, झोपून राहतो. हे मेंदूतल्या गाठीमुळे की यकृतामुळे?

या आजारात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि दोन्ही दिशांनी होतात.

खराब झालेले यकृत रक्तातली विषारी द्रव्ये काढू शकत नाही, तेव्हा मेंदू मंदावतो. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. यात दिवसा झोप आणि रात्री जाग असे चक्र उलटते, अक्षर बिघडते, साधी वजाबाकी जमत नाही. हात पुढे ताणून मनगटे मागे वळवायला सांगितली की पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडतात. आणि हे सगळे शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखे असते. चार दिवस शौच न होणे, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांमुळे सोडियम-पोटॅशियम घसरणे किंवा झोपेची गोळी, यांपैकी काहीतरी कारण बहुधा सापडते.

गाठीची लक्षणे एका बाजूची असतात: एकाच हाताची किंवा पायाची ताकद जाणे, तोंड वाकडे होणे, शब्द न सापडणे, एका बाजूचे न दिसणे, चालताना एकीकडे झोक जाणे. सकाळी उठल्यावर वाढणारी डोकेदुखी आणि मळमळीशिवाय होणारी उलटी हीदेखील डोक्यातला दाब वाढल्याची खूण. फिट येणे ही नव्या गाठीची पहिली ओळख असू शकते.

रक्तातल्या अमोनियाचा आकडा एकटा पुरेसा नाही. तो सामान्य असेल तर एन्सेफॅलोपथीचे निदान बरोबर आहे का, अशी शंका घ्यावी. वाढलेला असला तरी गाठ नाही असे सिद्ध होत नाही. नेहमीच्या एन्सेफॅलोपथीच्या रुग्णालाही या वेळी काही वेगळे दिसत असेल, म्हणजे एक हात लुळा, फिट किंवा अचानक तीव्र डोकेदुखी, तर डोक्याचा सीटी त्याच दिवशी हवा. उलट, मेंदूत गाठ असलेला रुग्ण मंदावला म्हणून स्टिरॉइड वाढवत नेले आणि खरी अडचण बद्धकोष्ठाची होती, असेही घडते. लॅक्ट्युलोजचे (शौच साफ ठेवणारे पातळ औषध) प्रमाण दिवसात दोन ते तीन मऊ शौच होतील इतके ठेवायचे असते. जुलाब होतील इतके दिले तर शरीरातले पाणी कमी होऊन एन्सेफॅलोपथी वाढते.

या गाठींमधून रक्तस्राव इतका का होतो?

यकृताचा कॅन्सर धमन्यांच्या रक्तावर पोसलेला असतो. गाठीत नाजूक, घाईने तयार झालेल्या रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यात सिरॉसिसमुळे प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट अडकून पडतात आणि रक्त गोठवणारी प्रथिने यकृत पुरेशी बनवत नाही. शिवाय कॅन्सरची काही औषधे रक्तवाहिन्यांवरच काम करतात. हे सगळे एकत्र आले की मेंदूतली गाठ अनेकदा रक्तस्रावानेच उघडकीला येते. कित्येक नोंदींमध्ये निम्म्याच्या आसपास रुग्णांत रक्तस्राव आढळला आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. यकृताचा कॅन्सर असलेल्या माणसाला अचानक अर्धांगवायू झाला तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अ‍ॅस्पिरिन देण्याआधी सीटी झालाच पाहिजे. घरी ‘पक्षाघात असेल’ म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

कोणत्या तपासण्या लागतात?

मेंदूसाठी: तातडीच्या वेळी साधा सीटी (रक्त लगेच दिसते), नंतर गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. एमआरआयमध्ये जुना रक्तस्राव दाखवणारा क्रमही (सीक्वेन्स) घ्यायला हवा. ताज्या रक्ताच्या गोळ्यामागे गाठ झाकली जाऊ शकते. शंका राहिली तर रक्त जिरल्यावर, काही आठवड्यांनी एमआरआय पुन्हा काढतात.

यकृतासाठी: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा), प्लेटलेट, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन), क्रिएटिनिन, सोडियम, एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे प्रथिन), आणि हिपॅटायटिस बी व सी. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातले पाणी आणि एन्सेफॅलोपथी या पाच गोष्टींवरून चाइल्ड-प्यू गुण काढतात. ५ ते ६ म्हणजे ए, ७ ते ९ म्हणजे बी, १० ते १५ म्हणजे सी. हे अक्षर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक निर्णयात ते विचारले जाईल.

छाती, पोट आणि हाडांचे स्कॅन बाकी आजाराचा पसारा दाखवतात.

स्टिरॉइड सुरू केले आणि दोन दिवसांत रुग्ण उठून बसला. मग तेच चालू का ठेवत नाहीत?

कारण डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड गाठीवर काम करत नाही. ते गाठीभोवतीची सूज उतरवते. सूज असेल तर २४ ते ७२ तासांत फरक दिसतो, आणि तो कधीकधी थक्क करणारा असतो. सौम्य लक्षणांना दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम पुरतात. दाब फार वाढला असेल तर १६ मिलिग्रॅमपर्यंत जातात. सूज नसलेल्या, लक्षणे न देणाऱ्या छोट्या गाठीला स्टिरॉइडची गरज नसते.

गोळ्या सकाळी आणि दुपारी द्याव्यात. संध्याकाळी उशिरा दिल्या तर रात्रभर झोप येत नाही, आणि मग कुणीतरी झोपेची गोळी देते. सिरॉसिसच्या रुग्णाला ती गोळी एन्सेफॅलोपथीत ढकलू शकते.

या रुग्णांत स्टिरॉइडचे धोके नेहमीपेक्षा जास्त आहेत. रक्तातली साखर चढते. पोटॅशियम घसरते आणि त्याने अमोनिया वाढतो. पोटातले पाणी जंतूंनी दूषित होते, पण स्टिरॉइडमुळे ताप दबलेला असतो. मांड्यांचे स्नायू झिजतात, खुर्चीवरून उठता येत नाही, आणि ‘गाठ वाढली’ असा गैरसमज होतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात असेल तर तो उसळू शकतो. म्हणून चार आठवडे किंवा जास्त स्टिरॉइड लागणार असेल तर ती तपासणी झालेली असावी आणि गरज असल्यास एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू असावे. अ‍ॅसिडिटीची गोळी सगळ्यांना सर्रास देणेही बरोबर नाही. सिरॉसिसमध्ये त्या गोळ्यांचा संबंध पोटातल्या पाण्याच्या संसर्गाशी जोडला गेला आहे. अल्सर किंवा पोटातल्या रक्तस्रावाचा धोका असेल तिथे त्या द्याव्याच लागतात.

डोस हळूहळू, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळापत्रकाने उतरवायचा. काही आठवडे घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद केले तर सूज परत येते, आणि शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनणे थांबलेले असल्याने रक्तदाब कोसळू शकतो.

डोक्यातला दाब जीवघेणा वाढला असेल तर रुग्णालयात मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे सलाइन देतात. सिरॉसिसच्या रुग्णाचे सोडियम आधीच कमी असते. ते झटकन वर नेले तर मेंदूच्या खोडाला कायमची इजा होऊ शकते, आणि मॅनिटॉलने पाणी जास्त गेले तर मूत्रपिंडे थकतात. म्हणून दर काही तासांनी रक्त तपासले जाते. त्याचा कंटाळा करू नये.

फिट आली तर काय करायचे? आणि कोणते औषध चालते?

रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली तर थेट रुग्णालयात.

औषधांत पहिली पसंती बहुधा लेव्हेटिरॅसेटामला मिळते, कारण त्याचा भार यकृतावर पडत नाही. सुरुवात साधारण ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते मूत्रपिंडातून बाहेर पडते. सिरॉसिसमध्ये स्नायू झिजलेले असल्याने क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगले दाखवतो, म्हणून डोस ठरवताना तेवढ्यावर विसंबू नये. चिडचिड आणि सुस्ती हे त्याचे दुष्परिणाम घरच्यांना आजाराचा भाग वाटतात. दिसले तर सांगा, पर्याय आहेत.

व्हॅल्प्रोएट टाळतात: यकृताला इजा, अमोनियात वाढ आणि प्लेटलेट कमी, हे तिन्ही इथे नकोसे. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटॉन यकृतातल्या एन्झाइमना चेतवतात, त्यामुळे डेक्सामेथासोन आणि सोराफेनिबसारखी कॅन्सरची औषधे शरीरातून लवकर संपतात.

एकदाही फिट आलेली नसेल तर केवळ गाठ आहे म्हणून हे औषध कायमचे सुरू करत नाहीत.

ऑपरेशन कुणाचे होते?

गाठ एकच, पोचता येईल अशा जागी, ३ सेंटिमीटरहून मोठी किंवा दाब देणारी, चाइल्ड-प्यू ए, बाकी आजार काबूत, आणि रुग्ण आपली कामे आपण करणारा. अशा रुग्णाला ऑपरेशनचा सर्वांत जास्त फायदा होतो. रक्तस्रावाचा मोठा गोळा जीव घेऊ पाहत असेल तर बाकी निकष थोडे बाजूला ठेवून तो काढला जातो. लहान मेंदूतली गाठ लवकर ऑपरेशनला घेतात, कारण ती मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडवते आणि रुग्ण काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो.

ऑपरेशनआधी प्लेटलेट साधारण १ लाखावर आणि आयएनआर १.५ च्या खाली आणण्याचा प्रयत्न असतो. पण सिरॉसिसमध्ये आयएनआर रक्तस्रावाचा धोका नीट सांगत नाही. प्लाझ्माच्या पिशव्या चढवून आकडा सुधारला तरी रक्त गोठण्याची खरी ताकद तेवढी सुधारत नाही, आणि चढवलेल्या पाण्याने शिरांमधला दाब वाढतो. फायब्रिनोजेन कमी असेल तर ते भरून काढणे जास्त उपयोगी पडते. फुगलेली प्लीहा चढवलेले प्लेटलेट लवकर गिळते, म्हणून ते ऑपरेशनच्या वेळेला धरून देतात.

चाइल्ड-प्यू सीमध्ये भूल आणि ऑपरेशन या दोन्हींनी यकृत कोसळण्याची शक्यता इतकी असते की बहुतेक शल्यचिकित्सक नकार देतात. घरच्यांना तो नकार हातपाय गाळल्यासारखा वाटतो, पण तो हिशेब करूनच दिलेला असतो.

गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीला रेडिएशन द्यावे लागते, नाहीतर त्याच जागी ती परत येण्याची शक्यता बरीच असते. आता ते शक्यतो पोकळीपुरतेच देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण मेंदूच्या रेडिएशनच्या तुलनेत आयुर्मान तेवढेच राहिले आणि स्मरणशक्ती जास्त टिकली. त्या चाचणीत वेगवेगळ्या कॅन्सरचे रुग्ण होते.

रेडिओसर्जरी म्हणजे ऑपरेशन का? गॅमा नाइफ, सायबरनाइफ यांत फरक काय?

कापाकापी नाही. अनेक दिशांनी आलेले किरण एका बिंदूवर एकवटतात, त्यामुळे गाठीला मोठा डोस मिळतो आणि शेजारच्या मेंदूला कमी. गॅमा नाइफ, सायबरनाइफ आणि नेहमीचा लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या तिन्हींनी हे करता येते. यंत्राच्या नावापेक्षा ते चालवणाऱ्यांचा अनुभव महत्त्वाचा. एकाच बैठकीत द्यायचे तर नेहमीच्या मर्यादा अशा: २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २० ते २४ ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक), २ ते ३ सेंटिमीटरला १८, ३ ते ४ सेंटिमीटरला १५. गाठ मोठी किंवा नाजूक जागी असेल तर ३ बैठकांत २७ ग्रे किंवा ५ बैठकांत ३० ग्रे अशी विभागणी करतात.

भूल लागत नाही आणि प्लेटलेट कमी असले तरी बहुधा करता येते. यकृताच्या रुग्णासाठी हा मोठाच फायदा आहे. मर्यादा ही की ताज्या रक्ताच्या गोळ्यात गाठीची कड दिसत नाही, आणि दाब लगेच उतरत नाही. गाठ आक्रसायला आठवडे लागतात.

काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा सूज आणि उजळलेला भाग दिसला तर ती परतलेली गाठ असेल किंवा रेडिएशनने मेलेल्या पेशींचा दाह. साध्या एमआरआयवर दोन्ही सारखे दिसतात. रक्तप्रवाह दाखवणारा एमआरआय किंवा पेट स्कॅन मदत करतो. इतर रुग्णांत या दाहावर बेव्हासिझुमॅब हे रक्तवाहिन्यांवर काम करणारे औषध वापरतात. इथे रक्तस्रावाच्या भीतीने हात आखडता घ्यावा लागतो.

पूर्ण मेंदूला शेक (रेडिएशन) कधी देतात?

गाठी पुष्कळ असतील किंवा मेंदूच्या आवरणात आजार पसरला असेल तेव्हा. नेहमीची मात्रा १० बैठकांत ३० ग्रे. प्रकृती फार अशक्त असेल तर ५ बैठकांत २० ग्रे. केस जातात, दोन-तीन आठवड्यांनी प्रचंड थकवा येतो, आणि काही महिन्यांनी स्मरणशक्ती मंदावू शकते. स्मरणशक्तीला जपण्यासाठी मेमॅन्टिन ५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत, एकूण २४ आठवडे देतात, आणि शक्य तिथे हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भाग किरणांपासून वाचवतात. अर्थात हे त्यांच्यासाठी, ज्यांचे आयुष्य काही महिन्यांचे तरी असेल असे वाटते.

फार अशक्त रुग्णाला हे रेडिएशन द्यावेच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. २०१६ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ५३८ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या मेंदूतल्या गाठींवर ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरी शक्य नव्हती. स्टिरॉइड व आधारोपचारांना पूर्ण मेंदूचे रेडिएशन जोडूनही आयुर्मान वाढले नाही: मध्यक ९.२ आठवडे विरुद्ध ८.५ आठवडे. ते रुग्ण यकृताच्या कॅन्सरचे नव्हते, पण चाइल्ड-प्यू सी आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाबाबत निकाल याहून चांगला येईल असे मानायला आधार नाही.

सोराफेनिब, लेन्व्हाटिनिब, इम्युनोथेरपी यांनी मेंदूतली गाठ जाते का?

यकृताच्या कॅन्सरसाठी सोराफेनिब २००७ पासून वापरात आहे, लेन्व्हाटिनिब २०१८ पासून, अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅबची जोडी २०२० पासून, तर ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅबची जोडी २०२२ पासून. ज्या मोठ्या चाचण्यांमधून ही औषधे पुढे आली, त्यांत मेंदूत उपचार न झालेल्या गाठी असलेले रुग्ण बहुतेक वगळलेले होते. म्हणजे जाहिरातीतले किंवा बातमीतले महिने या रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सोराफेनिबसारखी औषधे मेंदूत कमी पोचतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतले पंप ती परत बाहेर फेकतात. म्हणून सहसा आधी गाठीवर ऑपरेशन किंवा रेडिएशन आणि मग शरीरातल्या बाकी आजारासाठी औषध, असा क्रम ठेवतात. बेव्हासिझुमॅबआधी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीने पाहाव्या लागतात, मोठ्या ऑपरेशननंतर किमान २८ दिवस थांबावे लागते, आणि मेंदूत नुकता रक्तस्राव झाला असेल तर ते टाळतात. इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर वळवणारे उपचार) सुरुवातीला स्टिरॉइडचा डोस दिवसाला १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे सुमारे १.५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच्या, वर असेल तर परिणाम कमी होण्याची भीती असते. सूज उतरवून स्टिरॉइड शक्य तितके खाली आणण्याचे हे आणखी एक कारण. आधी यकृत प्रत्यारोपण झालेले असेल तर इम्युनोथेरपीने नवे यकृत नाकारले जाण्याचा धोका असतो.

चाइल्ड-प्यू सीमध्ये यांपैकी कोणत्याही औषधाने फायदा होतो असे दिसलेले नाही.

यकृत प्रत्यारोपण करून सगळेच बरे होईल का?

नाही. कॅन्सर यकृताबाहेर गेला की प्रत्यारोपण केले जात नाही. प्रत्यारोपणानंतर द्यावी लागणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे उरलेल्या पेशींना मोकळे रान देतात.

किती वेळ हातात आहे?

सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर बहुतेक नोंदींमध्ये मध्यक आयुर्मान १ ते ३ महिने येते. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्याहून जास्त जगतात. एकच गाठ, चाइल्ड-प्यू ए, चालता-फिरता रुग्ण, आणि ऑपरेशन व रेडिएशन दोन्ही झालेले, अशा निवडक गटात हा आकडा सहा महिन्यांच्या आसपास जातो, आणि काही रुग्ण वर्षाच्या पुढे जातात. या गटात मुळात बऱ्या प्रकृतीचेच लोक निवडलेले असतात. सगळे श्रेय उपचाराला देऊन फसू नये.

अंदाज कशावरून बांधतात? रुग्ण दिवसाचा किती वेळ अंथरुणात घालवतो, यावरून सर्वांत आधी. मग चाइल्ड-प्यू, गाठींची संख्या, रक्तस्राव झाला का, फुप्फुस-हाडांतला आजार वाढतो आहे की थांबलेला, एएफपी किती. डॉक्टरांना ‘किती महिने’ असे विचारले तर बहुधा गोलमोल उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारून पाहा: ‘सर्वांत चांगले झाले तर किती, वाईट झाले तर किती, आणि बहुतेकांचे काय होते?’ शिवाय हेही विचारा: ‘मेंदूतली गाठ पूर्ण थांबली असे धरले, तर यकृत किती काळ साथ देईल?’ उत्तर ‘काही आठवडे’ असेल तर मेंदूवरच्या मोठ्या उपचाराचा अर्थ काय, हे आपोआप कळते. कारण यांतले बरेच रुग्ण शेवटी मेंदूने नव्हे, यकृत थकल्याने किंवा बाकी आजाराने जातात.

डोके दुखते. घरी कोणती गोळी चालेल?

पॅरासिटामॉल, सिरॉसिसमध्ये २४ तासांत एकूण २ ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते, ते धरून मोजा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन नको: मूत्रपिंडे बसतात आणि रक्तस्राव वाढतो. जास्त वेदनेला मॉर्फिन लागले तर छोटा डोस आणि जास्त अंतर. मूत्रपिंड कमजोर असेल तर फेन्टानिल बरे. यातल्या कोणत्याही औषधाबरोबर लॅक्ट्युलोज हवेच, कारण बद्धकोष्ठ झाले की गोंधळलेपण आलेच.

पायाच्या शिरेत गुठळी झाली आहे. रक्त पातळ करणारे औषध द्यायचे का?

याला एक उत्तर नाही. मेंदूतल्या गाठीतून नुकता रक्तस्राव झाला असेल तर सहसा थांबतात. नसेल, आणि प्लेटलेट बरे असतील, तर तोलून मापून देतात. निर्णय मेंदूचे, यकृताचे आणि कॅन्सरचे डॉक्टर यांनी मिळून घ्यावा. एकाच चिठ्ठीवर ते औषध सुरू करू नका.

उपचार चालू असताना काय दिसले तर थांबायचे नाही, लगेच न्यायचे?

अचानक तीव्र डोकेदुखी, नवा लुळेपणा किंवा बोलणे बंद होणे, पाच मिनिटांहून लांबलेली फिट, हाक मारूनही जाग न येणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच, ताप किंवा पोट दुखून फुगणे (स्टिरॉइड चालू असेल तर ताप नसतानाही), लघवी अगदी कमी होणे. जाताना औषधांची यादी, शेवटचा रक्ततपास आणि एमआरआयची सीडी बरोबर घ्या. यकृताचा कॅन्सर आहे हे दारातच सांगा, म्हणजे गुठळी विरघळवणारे औषध घाईत दिले जाणार नाही.

सगळे स्थिर असेल तर मेंदूचा एमआरआय साधारण दर २ ते ३ महिन्यांनी. फिट येऊन गेली असेल तर वाहन चालवू नये.

आता उपचार थांबवायचे ठरले आहे. पुढे काय होते, आणि काय तयार ठेवायचे?

बहुतेक रुग्ण हळूहळू जास्त झोपू लागतात. ही झोप यकृताची असो वा मेंदूची, रुग्णाला तिचा त्रास सहसा होत नाही. खाणे-पिणे कमी होते. जबरदस्तीने भरवले तर घास श्वासनलिकेत जातो, म्हणून ओठ व तोंड ओल्या कापसाने पुसणे पुरते. श्वासाबरोबर घशात घरघर होते. रुग्णाला कुशीवर ठेवले की ती बरीच कमी होते. ती ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते.

खरी अडचण गिळणे थांबल्यावर येते, कारण फिटचे औषध आणि स्टिरॉइड दोन्ही अचानक बंद पडतात. त्याची सोय आधीच करावी लागते. लेव्हेटिरॅसेटाम आधी पातळ स्वरूपात देता येते, नंतर त्वचेखालून. फिटसाठी नाकात किंवा गालात द्यायचे मिडाझोलाम घरात ठेवता येते. एन्सेफॅलोपथीची भीती असली तरी या टप्प्यावर चालू फिट थांबवणे जास्त महत्त्वाचे. डोस कोणत्या खुणेपर्यंत ओढायचा, कसा सोडायचा, दुसरा किती मिनिटांनी, हे वेदनाशामक उपचार करणाऱ्या नर्सकडून एकदा हाताने करून घ्या आणि कागदावर लिहून औषधाच्या डब्यालाच चिकटवा. रात्री तीन वाजता घरात ज्याच्या हाताला तो डबा लागेल, त्यालाही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात.